कूलरच्या कंडेन्सरमधला माणूस : मॅक्स उलरिश शोप

अकोल्यात किंवा अमरावतीत मे महिन्यात कूलरचा पंखा मंदावला, की मिस्त्री सगळ्यात आधी कंडेन्सर बघतो. पुस्तकी मराठीत त्याला धारित्र म्हणतात, इंजिनीअर कपॅसिटर म्हणतात, पण आपल्याकडच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात कंडेन्सरच मागावा लागतो. जुना काढला, नवा लावला, दहा मिनिटांत कूलर पुन्हा हवा फेकायला लागतो. जुनी डबी जाते कचऱ्यात.

त्या डबीत ज्या माणसाचं काम भरलेलं आहे, त्याची गोष्ट मला आज सांगायची आहे. त्याचं नाव मॅक्स उलरिश शोप. तो स्वित्झर्लंडचा. आज विमानाच्या इंजिनात, वीजकेंद्राच्या बॉयलरमध्ये, कंबरेच्या कृत्रिम सांध्यावर धातूचा किंवा सिरॅमिकचा थर फवारतात. त्या सगळ्या तंत्राला थर्मल स्प्रे म्हणतात आणि शोप त्याचे जनक मानले जातात. कपॅसिटरच्या कारखान्यांत तर त्यांच्या आडनावाचं क्रियापदच झालंय. कुठे शूपेज म्हणतात, कुठे शूपिंग. इंग्रजी जिभेवर शोपचं शूप झालं, एवढंच.

आधी डबीतलं काम बघू, म्हणजे माणूस का मोठा ते कळेल.

कंडेन्सरच्या आत पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लॅस्टिकची पातळ फिल्म असते, जाडी काही मायक्रॉन. तिच्यावर जस्त किंवा अॅल्युमिनियमचा इतका पातळ थर असतो, की तो नॅनोमीटरमध्ये मोजावा लागतो. अशा दोन फिल्म एकत्र गुंडाळून घट्ट गुंडाळी करतात. आता प्रश्न येतो वायर जोडायचा. ही फिल्म साधारण १६० ते १६५ अंशांना वितळते. तिच्या कडेला सोल्डरिंगची तापलेली इस्त्री लावली, तर गुंडाळीचा गोळा होईल. आणि नॅनोमीटरच्या थराला वायर चिकटवणार तरी कशी?

उत्तर असं, की गुंडाळीच्या दोन्ही टोकांवर वितळलेल्या जस्ताचा फवारा मारायचा. जस्त वितळतं ४२० अंशांच्या आसपास, म्हणजे फिल्मला झेपेल त्याच्या कितीतरी वर. तरी फिल्म वाचते. काहून? कारण थेंब फार बारीक असतात. दिवाळीत फुलबाजीची ठिणगी हातावर पडते, ती हजार अंशांच्या आसपास असते, पण आपण हात झटकून पुढे जातो. ठिणगीचं तापमान मोठं, पण तिच्यात भरलेली उष्णता चिमूटभर. जस्ताचा थेंब टोकावर आदळतो, पसरतो आणि फिल्मला त्रास व्हायच्या आत गार होतो. असे लाखो थेंब एकमेकांवर बसून खरखरीत राखाडी टोपी तयार होते. तिला वायर जोडता येते. आपल्या नाशिकमध्येही फिल्म कपॅसिटर बनतात, आणि जगात कुठेही बनले तरी ही पायरी चुकत नाही.

वितळलेला धातू, पण खालची वस्तू जळत नाही. ही गंमत शोप यांनी शंभर वर्षांपूर्वी जगाला दाखवली.

शिशाच्या संगतीत

शोप १८७० साली फ्राउएनफेल्ड या गावी जन्मले. हे स्वित्झर्लंडच्या ईशान्येकडच्या थुरगाऊ प्रांताचं मुख्य गाव. तरुणपणी ते बॅटरीच्या धंद्यात होते. बॅटरी म्हणजे मोबाइलची लिथियमवाली नाही. तुमच्या घरी लोडशेडिंगसाठी जो इन्व्हर्टर आहे, त्याखाली ठेवलेली जड, अॅसिड भरलेली शिशाची बॅटरी. त्या काळी तीच नवी टेक्नॉलॉजी होती.

शिसं ३२७ अंशांना वितळतं. बॅटरीच्या पट्ट्या जोडायच्या तर ज्योत लावून शिसं शिशातच वितळवून जोडावं लागतं, म्हणून या धंद्यातल्या माणसाला वायू, ज्योत आणि वितळलेला धातू यांची रोजची सवय होते. पुढे शोप अॅल्युमिनियमच्या जोडकामाकडे वळले. तिथे त्यांची गाठ पडली ऑक्साइडशी, आणि या ऑक्साइडला लेखाच्या शेवटापर्यंत विसरू नका. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण हवा लागताच त्याच्यावर ऑक्साइडचं कातडं येतं. ते कातडं वितळायला दोन हजार अंशांच्या वर जावं लागतं. आतला धातू पाणी झाला तरी वरचं कातडं तसंच, मग दोन तुकडे एकजीव होणार कसे? त्यासाठी ते कातडं विरघळवणारी रसायनं वापरावी लागतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत शोप या कामात होते.

मग येते ती सगळीकडे सांगितली जाणारी गोष्ट. मुलं बागेत खेळत होती, शिशाच्या गोळ्या भिंतीवर मारत होती. कुणी खेळण्यातली तोफ म्हणतं, कुणी छऱ्याची बंदूक. शोप यांच्या लक्षात आलं, की गोळी भिंतीवर आदळली की चपटी होते आणि तिथेच चिकटून बसते. त्यातून धातू फवारायची कल्पना सुचली.

मला अशा गोष्टींबद्दल जरा शंका असते. न्यूटनच्या सफरचंदासारख्या त्या सांगायला सोप्या असतात, म्हणून टिकतात. भिंतीवर चपट्या झालेल्या गोळ्या त्याआधीही हजारो बापांनी बघितल्या असतील. पण बघणारा इतकी वर्षं शिसं वितळवत आलेला होता, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. आणि गोष्ट खरी असो वा रचलेली, तिच्यात एक बारकावा आहे. ती गोळी वितळलेली नव्हती. थंड होती, फक्त वेगात होती. या बारकाव्याची किंमत कळायला जगाला पुढे सत्तर-ऐंशी वर्षं लागली.

भट्टीपासून पिस्तुलापर्यंत

१९०९ च्या सुमारास शोप यांनी पेटंट घ्यायला सुरुवात केली. पहिलं यंत्र म्हणजे मोठं धूड होतं. भांड्यात धातू वितळवायचा, त्याच्यावर तापवलेला, दाबाखालचा वायू सोडायचा आणि उडालेले थेंब वस्तूवर मारायचे. वायू दाबायची यंत्रणा, तो तापवायची यंत्रणा, धातू वितळलेला ठेवायची यंत्रणा, आणि एवढं करून चालायचं फक्त शिसं, कथील, जस्त अशा लवकर वितळणाऱ्या धातूंवर. शिवाय यंत्र जागेवरून हलायचं नाही. पुलाला जस्त मारायचं तर पूल यंत्राकडे आणायचा का?

यानंतर त्यांनी धातूची भुकटी ज्योतीतून सोडून बघितली. पण खरी उडी होती १९१२ च्या आसपासची, तारेच्या पिस्तुलाची. यात भांडं नाही, भट्टी नाही. हातात धरायच्या पिस्तुलात मागून धातूची तार आत सरकते. पुढच्या तोंडाशी ऑक्सिजन आणि जळणारा वायू यांची ज्योत असते. तारेचं फक्त टोक वितळतं आणि लगेच दाबाखालची हवा त्याचे थेंब करून पुढे फेकते. तार सरकवायलाही वेगळी मोटर नाही. तीच दाबलेली हवा आत एक छोटी चक्की फिरवते आणि दातेरी चाकं तार ओढतात.

मला यातली हुशारी फार आवडते. धातूचा मोठा साठा वितळलेला ठेवायची गरजच शोप यांनी काढून टाकली. लागेल तेवढाच, लागेल तेव्हाच वितळवायचा. आणि हवा दोन-तीन कामं एकटीच करते. आजचं तारेचं स्प्रे पिस्तूल हातात घेतलं, तर आतली मांडणी शोप यांना लगेच ओळखू येईल.

त्याच वर्षांत त्यांनी विजेचाही मार्ग दाखवला. ज्योतीऐवजी दोन तारा समोरासमोर आणायच्या, त्यांच्यामध्ये आर्क पेटवायचा आणि हवेने फुंकायचं. वेल्डिंगच्या दुकानात डोळे दिपवणारा जो निळा उजेड दिसतो, तोच हा आर्क. ही पद्धत तेव्हा फारशी चालली नाही, कित्येक दशकं मागे पडून राहिली. आज मात्र कंडेन्सरच्या टोकांवर जस्त मारायला आणि मोठमोठ्या लोखंडी कामांवर थर द्यायला तीच वापरतात.

लोकांना पटावं म्हणून सुरुवातीच्या काळात लाकूड, कापड, कागद, प्लास्टर अशा वस्तूंवर धातू मारून दाखवला जायचा. कागदावर वितळलेला धातू आणि कागद शाबूत! तेव्हाच्या बघ्यांना ती जादूच वाटली असणार. पण धंद्याच्या दृष्टीनं माझं मत असं, की या नमुन्यांनी थोडं नुकसानही केलं. नवं तंत्र शोभेच्या वस्तूंत अडकलं, की कारखानदार त्याला गंभीरपणे घेत नाहीत.

अडचणी खऱ्या होत्या. थेंब आदळून चपटा होतो तो कसा, हे आपल्याकडच्या माणसाला सांगायची गरज नाही. भिंतीवर थापलेल्या गोवऱ्या आठवा. एकावर एक, कडा एकमेकींत अडकलेल्या, मध्ये कुठे फट राहिलेली. फवारलेला थर सूक्ष्मदर्शकातून तसाच दिसतो. तो ओतीव धातूसारखा सलग नसतो, त्यात बारीक छिद्रं असतात. आणि खालच्या धातूशी तो एकजीव होत नाही, मुख्यतः खडबडीत पृष्ठभागाला अडकून बसतो. गुळगुळीत, तेलकट लोखंडावर मारला तर पापुद्रा निघून येणारच. म्हणून आधी दाणेदार खडी मारून पृष्ठभाग खरवडतात. तुमच्या भागातल्या एमआयडीसीत सँड ब्लास्टिंग म्हणतात ते हेच.

पहिल्या महायुद्धाच्या काळात हे तंत्र पसरत गेलं. १९१७ साली शोप यांनी हान्स ग्युन्टर या लेखकाबरोबर आपल्या पद्धतीवर जर्मन भाषेत पुस्तक काढलं. देशोदेशी ही पद्धत वापरणाऱ्या कंपन्या निघाल्या. इंग्लंडमध्ये डडली इथं १९२२ साली मेटलायझेशन नावाची कंपनी सुरू झाली. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात कामं मुख्यतः दोन. एक, लोखंडाला गंज लागू नये म्हणून जस्त मारणं. दुसरं, झिजलेला शाफ्ट पुन्हा भरून लेथवर मापात आणणं. शाफ्ट भरून घेणं हा शब्द जिनिंग-प्रेसिंगवाल्या वऱ्हाडात कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

शोप १९५६ साली झुरिकमध्ये गेले. ८५ वर्षांचं आयुष्य. पण वेळ बघा कशी. ज्या दशकात ते गेले, त्याच दशकात जेट इंजिनांनी त्यांच्या पद्धतीला पार वेगळ्या जगात नेलं. अमेरिकेत स्फोटाच्या धक्क्यानं भुकटी मारणारी डिटोनेशन गन आली. पाठोपाठ प्लाझ्मा स्प्रे आला, ज्याच्या ज्योतीचं तापमान दहा हजार अंशांच्या पुढे जातं. मग १९८० च्या दशकात एचव्हीओएफ, म्हणजे आवाजाच्या कितीतरी पट वेगानं वाहणारी ज्योत. शिसं-जस्तापासून निघालेली गाडी सिरॅमिकपर्यंत पोहोचली.

टायटॅनियमचा हट्ट

आता तुमच्या हातातल्या फोनकडे येतो. २०२३ च्या आयफोन १५ प्रोपासून टायटॅनियमची चौकट फॅशनमध्ये आली, २०२४ च्या सुरुवातीला गॅलक्सी एस२४ अल्ट्रानंही ती घेतली. त्या चौकटीवरचा रंग मात्र शोपच्या फवाऱ्याचा नाही. तो निर्वात पेटीत वाफेच्या रूपात बसवलेला, कितीतरी पातळ थर असतो. दुकानदार दोन्हीला कोटिंगच म्हणतात, म्हणून हे सांगून ठेवलं.

टायटॅनियम पोलादाच्या जवळपास निम्म्या वजनाचं, ताकदीला तोडीस तोड आणि साध्या तापमानाला गंजाला दाद न देणारं. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतही त्याचं खनिज, इल्मेनाइट, सापडतं. ते स्वस्तात वेगळं करायची वाट लक्झेंबर्गच्या विल्यम क्रोल यांनी काढली. १९४० साली अमेरिकेत त्यांना पेटंट मिळालं आणि १९४८ पासून धातू बाजारात यायला लागला. विमानवाले लगेच त्याच्या प्रेमात पडले.

मग अडलं कुठे? टायटॅनियमवर ऑक्साइडचं पातळ कातडं असतं, काही नॅनोमीटरचं, आणि तेच त्याला जपतं. पण तापमान ५५०-६०० अंशांच्या पुढे गेलं, की हे कातडं पहारा देईनासं होतं. ते जाड होत जातं, शिवाय ऑक्सिजन धातूच्या आतच विरघळायला लागतो. पाण्यात साखर विरघळावी तसा, फक्त घन धातूत. लोखंडाचा गंज झडून पडतो, दिसतो तरी. इथे वरून भाग ठीकठाक दिसतो आणि वरचा थर आतून काचेसारखा ठिसूळ झालेला असतो. त्याला अल्फा केस म्हणतात. फिरत्या पात्याला तिथून तडा जाऊ शकतो. अति झालं तर इंजिनात टायटॅनियम पेटही घेतं. म्हणून जेट इंजिनात टायटॅनियम पुढच्या, थंड भागात असतं. मागच्या तापलेल्या भागात निकेलची जड मिश्रधातू वापरावी लागते. जड म्हणजे जास्त इंधन, जास्त खर्च. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून एप्रिल २०२५ पासून मुंबईचं विमान उडतंय. प्रवासी विमानांच्या तिकिटात इंधनाचा वाटा केवढा असतो, हे वेगळं सांगायला नको.

साहजिक विचार असा, की टायटॅनियमवर ऑक्सिजन रोखणारा थर फवारून द्यावा. निकेल, क्रोमियम, अॅल्युमिनियम, यिट्रियम यांची भुकटी यासाठी प्रसिद्ध आहे. तापल्यावर तिच्यावर अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडचं कातडं येतं आणि ते फार पक्कं असतं. आठवलं का? ज्या कातड्यानं तरुण शोपना जोडकामात छळलं, तेच इथे राखणदार म्हणून हवंय.

पण टायटॅनियम सहजासहजी ऐकत नाही. तापल्यावर असा निकेलचा थर जास्त फुगतो, टायटॅनियम कमी. रोज तापणं-गार होणं चाललं, की थर उचकटतो. निकेल हळूहळू टायटॅनियममध्ये झिरपतं आणि सीमेवर ठिसूळ संयुगं तयार होतात. थरात छिद्रं असतील तर ऑक्सिजन तिथून आत शिरतो. फवारतानाच टायटॅनियमचा पृष्ठभाग हवेत तापला, तर आजार टाळायला निघालो आणि आजारच दिला, अशी गत. त्यावर उपाय म्हणून हवा काढून घेतलेल्या पेटीत प्लाझ्मा मारतात, पण ते महाग पडतं. नुसतं अॅल्युमिनियम फवारून नंतर तापवलं, तर टायटॅनियम आणि अॅल्युमिनियमचं संयुग बनतं. ऑक्सिजन ते चांगलं अडवतं, पण त्याला भेगा लवकर पडतात. शिवाय ठिसूळ थराची भेग खाली उतरली तर पातं थकून तुटायचा धोका उलट वाढतो. म्हणून या प्रश्नावर प्रयोगशाळांत अजून काम चालूच आहे.

टायटॅनियमवर थर फवारून यश मिळालं ते वेगळ्याच ठिकाणी, माणसाच्या शरीरात. तिथे तापमान ३७ अंश, ऑक्साइडची भीती नाही. कंबरेच्या सांध्याच्या टायटॅनियम दांड्यावर प्लाझ्मानं हाडासारखं खनिज किंवा खरखरीत टायटॅनियमच मारतात, म्हणजे हाड त्याला धरून वाढतं. इथे छिद्रं असणं फायद्याचं ठरतं.

आणि आपल्या रोजच्या विजेत? अकोला जिल्ह्यात पारसला २५० मेगावॅटचे दोन संच आहेत. आपल्या देशी कोळशात राख भरपूर, आणि त्या राखेतले वाळूसारखे कण बॉयलरच्या नळ्या घासत राहतात. एक नळी फुटली की अख्खा संच बंद करावा लागतो. कोळशावर चालणाऱ्या केंद्रांत अशा नळ्यांवर आर्क किंवा एचव्हीओएफनं कठीण थर मारणं हा एक नेहमीचा उपाय आहे. नळी घासायच्या आधी थर घासतो, आणि थर पुन्हा मारता येतो.

राहिली ती भिंतीवरची थंड गोळी. १९८० च्या दशकात रशियातल्या नोव्होसिबिर्स्कच्या शास्त्रज्ञांना प्रयोगात दिसलं, की धातूचे कण न वितळवता पुरेशा वेगानं आदळवले तर ते चिकटतात. कोल्ड स्प्रे नावाचं तंत्र त्यातून निघालं. नायट्रोजन किंवा हेलियमच्या झोतात भुकटी सेकंदाला शेकडो मीटर वेगानं फेकायची, ज्योत नाहीच. वितळणं नाही, म्हणून ऑक्सिजन पिऊन टाकायची संधीही जवळपास नाही. टायटॅनियमसाठी याहून सोयीचं काय असणार? हैदराबादच्या एआरसीआय या संशोधन केंद्रात डिटोनेशन स्प्रेबरोबर कोल्ड स्प्रेवरही काम होतं. टायटॅनियमचा झिजलेला भाग टायटॅनियमनंच भरून काढायचा, शाफ्ट भरतात तसा, असा प्रयत्न जगभर चाललेला आहे. त्यासाठी लागणारा हेलियम मात्र फार महाग आहे, आणि नायट्रोजनवर काम भागवायचं तर झोत बराच तापवावा लागतो.